देवापुढे ठेवलेला फोटो

पुण्याची मुलगी आयर्लंडला जाऊन चिनी शिकते म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग कारण विचारायचे. कारण सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. मेनूथच्या विद्यापीठात चिनी भाषा आणि व्यवस्थापन असा अभ्यासक्रम होता, त्यातलं तिसरं वर्ष चीनमध्ये काढायचं होतं, आणि ही सगळी कल्पना बाबांची होती. त्यांच्या कारखान्यात चीनहून नवीन यंत्रं आली तेव्हा त्यांच्याबरोबर एक पोरगेलासा दुभाषा आला होता. मोठमोठे साहेब त्या पोराच्या तोंडाकडे बघत बसायचे. बाबांनी ते पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं की इंग्रजी काय, आता सगळ्यांनाच येतं.

२०२०च्या सप्टेंबरात मी चीनमध्ये असायला हवं होतं. त्याऐवजी मी मेनूथमधल्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, लॅपटॉपसमोर बसून होते. चीनचे दरवाजे बंद होते, वर्ग ऑनलाइन होते आणि पुढच्याच महिन्यात घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचीही बंदी आली. तिकडे सीमेवर मारामारी झाल्यापासून पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चिनी वस्तू फेकून द्यायचे फोटो फिरत होते, आणि माझे एक काका दर रविवारी बाबांना फोन करून विचारत होते की पोरीचं शिक्षण केव्हा फेकणार. बाबा हसून सोडून द्यायचे. मला मात्र रात्री झोप लागायची नाही.

मी जात्याच भित्री. भाषा शिकायला निघालेल्या माणसाने भित्रं असू नये, पण ते मला विमानात बसल्यावर सुचलं. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की मी मनात सगळं वाक्य जुळवायचे, दोनदा तपासायचे आणि तोंड उघडेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असायचा. लेखी परीक्षेत मला चांगले मार्क पडायचे. चिनी सण, चालीरीती, लग्नकार्य, मर्तिक, सगळ्यावर मी पानंच्या पानं लिहून आले होते. फक्त जिवंत चिनी माणूस समोर आला की माझी बोबडी वळायची.

त्यातून मला बाहेर काढलं ते घरातल्या दुसऱ्या भाडेकरूने. ती चीनची, माझ्यापेक्षा थोडी मोठी, विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करणारी आणि उरलेल्या वेळात सुपरमार्केटच्या काउंटरवर काम करणारी. चिनीत आपल्याहून मोठ्या मुलीला मोठी बहीणच म्हणतात, म्हणून मी तिला चिनीतून ताई म्हणायचे, आणि इथेही तेच म्हणते. आमचा करार असा होता की स्वयंपाकघरात मी तिच्याशी चिनीतच बोलायचं आणि त्या बदल्यात तिला वरण-भात करून घालायचा. वरण तिला फार आवडायचं. माझी वाक्यं ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची, पण कधी हसली नाही.

दुपारी आम्ही जेवायला बसलो की ताईच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा रात्रीची निजानीज व्हायची वेळ असायची. ताईचा टॅबलेट तांदळाच्या डब्याला टेकवलेला असे आणि त्यात तिची आई, केस मोकळे सोडून, हातात गरम पाण्याचा पेला घेऊन बसलेली. मैत्रिणीच्या आईला तिकडेही मावशीच म्हणतात. मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे सावकाश, एकेक शब्द सुटा बोलायच्या, आणि त्यामुळेच त्या मला कळायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी एकच.

त्या आधीच्या हिवाळ्यात, आजाराचं नावही इथे कुणाला नीट माहीत नव्हतं तेव्हा, मावशींचं शहर बंद झालं होतं. रोज त्या कॉलवर सांगायच्या की मी ठणठणीत आहे, भाजी मिळते, काळजी करू नकोस. पुढे बऱ्याच दिवसांनी ताईला शेजारणीकडून कळलं की त्या काळात मावशी तापाने फणफणत एकट्या पडून होत्या आणि फक्त कॉलपुरत्या उठून बसत होत्या. ताई माझ्यासमोर त्यांच्यावर इतकी ओरडली की मी ताट घेऊन माझ्या खोलीत निघून गेले. मग इथे आजार आला, तशी मावशींनी आम्हा दोघींसाठी मास्कचं भलंमोठं खोकं पाठवलं. आत मला वेगळी चिठ्ठी होती, सोप्या अक्षरांत: जास्त बाहेर जाऊ नकोस, गरम पाणी पी.

नाताळात इथे लोकांना थोडी मोकळीक मिळाली आणि जानेवारीत त्याची फळं दिसायला लागली. रोजचे आकडे ऐकवत नव्हते. ताई काउंटरवरून यायची, दारातच कपडे बदलायची, हात लालभडक होईपर्यंत धुवायची. एके दिवशी ती आली आणि जेवायला नको म्हणाली. वरणाला नको म्हणाली तेव्हाच मी थर्मामीटर शोधायला लागले.

तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली, माझी निगेटिव्ह. मलाही घराबाहेर पडायची मनाई होती. ती वर तिच्या खोलीत आणि मी खाली, मधे जिना. मी पायरीवर ताट ठेवायचे, खाली उतरून हाक मारायचे आणि दार उघडल्याचा आवाज ऐकायचे. रोज सकाळी उठल्यावर मी पहिलं काम करायचे ते हिंगाची डबी उघडून वास घ्यायचं. वास आला की त्या दिवसापुरती सुटका. मग वरून खोकला ऐकू यायचा आणि माझी मलाच लाज वाटायची.

एका सकाळी ताट तसंच राहिलं. मी जिन्यावरून हाका मारल्या, मग मास्क लावून वर गेले. ती पलंगावर बसून खिडकीकडे तोंड करून श्वास घेत होती. दुसरं काहीच करत नव्हती, नुसता श्वास घेत होती, आणि ते काम तिला झेपत नव्हतं. ॲम्ब्युलन्स बोलावताना मला आमच्या घराचा पत्ता आठवेना.

ॲम्ब्युलन्सवाले गाऊन-मास्कमध्ये होते, नुसते डोळे दिसत होते, पण बोलायला प्रेमळ. "यू'ल बी ग्रँड," त्यातला एकजण ताईला म्हणाला. ग्रँड म्हणजे ठीक, छान; हा शब्द इथे चहालाही लावतात आणि मरणालाही, त्यामुळे मला त्याचा काही आधार वाटला नाही. दारातून नेताना ताईने मास्क बाजूला केला आणि चिनीतून म्हणाली, "आईला सांगू नकोस. झोपलीये म्हण. लॅबमध्ये गेलीये म्हण. तुला काय येईल ते म्हण." मी मान हलवली. नाही कशी म्हणणार होते?

दुपारी टॅबलेट वाजला. मी उचलला नाही. तो थांबला आणि परत वाजला. मग माझ्या फोनवर ताईचा मेसेज आला की कृपा करून उचल, नाहीतर ती रात्रभर जागेल. मी खुर्चीत बसले, केस नीट केले आणि उचलला.

"मावशी, ताई झोपली आहे," मी म्हटलं. वाक्य बरोबर होतं, मी ते आधीच तीनदा पुटपुटले होते.

"या वेळेला?"

"काल फार काम होतं."

मावशी पेल्यातलं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "तू जेवलीस का?" मी जेवले नव्हते, पण हो म्हटलं. काय जेवलीस, विचारल्यावर पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या धड्यातला मेनू सांगून टाकला. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की ताई लॅबमध्ये गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. इतकी वर्षं जी भाषा तोंडातून बाहेर पडत नव्हती, ती खोटं बोलायला मात्र सुरळीत बाहेर पडत होती.

माझ्या आईपासून मी हे लपवलं होतं, पण माझं काही लपत नाही. फोनवर माझा आवाज ऐकूनच ती म्हणाली, "काय झालंय? नीट सांग बघू." मी सगळं सांगितलं. आधी तिने मला हिंगाचा वास येतोय ना विचारलं, दोनदा. मग म्हणाली, "त्या पोरीची आई एकटी आहे म्हणतेस?"

"हो."

"त्या पोरीचा एक फोटो देवापुढे ठेव. दिवा लाव रोज. आपल्या हातात दुसरं काय आहे."

आमच्या घरी हे असंच. माझं बारावीचं हॉल तिकीट गणपतीच्या पायाशी होतं, व्हिसा येईपर्यंत पासपोर्टची झेरॉक्स होती, बाबांची अँजिओग्राफी झाली तेव्हा त्यांचा फोटो होता. काम झालं की आई ती वस्तू उचलून कपाटात ठेवायची आणि देवाला साखर. यात कुणाला कधी काही विशेष वाटलं नाही.

माझा गणपती स्वयंपाकघरातल्या प्रेसवर होता. प्रेस म्हणजे कपाट, इथला शब्द. आईने सामानात घातलेली वीतभर पितळी मूर्ती, टेबलाच्या मागेच. ताईचे माझ्याकडचे फोटो बहुतेक सगळे जिभा काढलेले किंवा पाठमोरे होते. एकच देवापुढे ठेवण्याजोगा मिळाला, तिच्या इमिग्रेशनच्या कार्डासाठी मीच भिंतीशी उभं करून काढलेला, समोर बघणारा, गंभीर. तिच्याच प्रिंटरवर मी तो छापला. रंगीत शाई संपली होती, म्हणून काळापांढरा आला. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून मी तो गणपतीला टेकवून उभा केला. घरमालकाने मेणबत्त्यांना सक्त मनाई केली होती, पण तुपाचं निरांजन मेणबत्तीत मोडत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. फुलं कुठली मिळणार? घराबाहेर पडायचं नव्हतं, पण मागच्या अंगणात कुंपणालगत ती छोटी पांढरी फुलं आली होती, इथे जानेवारीत येतात ती, खाली मान घालून उभी असलेली. चार खुडून आणली. खिडकी उघडून उदबत्ती लावली, हात जोडले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ताईचा मेसेज नव्हता. रोज उठल्या उठल्या ती एक अंगठा तरी पाठवायची. मी पाठवलेले मेसेज तसेच पडून होते, वाचल्याची खूण नाही. हॉस्पिटलमध्ये फोन लावला तर घरच्यांशिवाय कुणाला माहिती देता येत नाही म्हणाले. "ती कम्फर्टेबल आहे," एवढं सांगितलं. कम्फर्टेबल म्हणजे काय असतं? मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. परत उदबत्ती लावली. आणि टॅबलेट वाजला.

मी उचलला. मावशींनी नेहमीसारखा पेला हातात धरला होता. मी म्हटलं, "ताई लॅबमध्ये..." आणि बघते तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ आल्या, इतक्या की मला त्यांचं कपाळच दिसायला लागलं.

"तो फोटो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या गणपतीबद्दल विचारताहेत. मी उत्साहाने सांगायला लागले की हा आमचा देव, आम्ही रोज याची पूजा करतो. परीक्षेत आलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते असं वाक्य होतं. मावशींनी पेला टेबलावर ठेवायला हात पुढे केला आणि तो टेबलावर गेला नाही. फुटल्याचा आवाज आला. मग त्या उठल्या आणि स्क्रीनमध्ये नुसती खुर्ची राहिली, मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर. कुठूनतरी एक आवाज येत होता. तो रडण्याचा नव्हता.

मी मागे वळून पाहिलं. प्रेसवर समोर बघणाऱ्या ताईचा काळापांढरा फोटो. पुढे पांढरी फुलं. उदबत्तीचा धूर. दिवा. चिनी मर्तिकाच्या चालीरीतींवर मी पाच पानी उत्तर लिहिलं होतं, त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्या स्वयंपाकघरात मांडून ठेवलेलं होतं, माझ्याच हाताने.

"नाही, मावशी, नाही," मी त्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते. "ती आहे. ती हॉस्पिटलमध्ये आहे. आजारी आहे, पण आहे." शब्द कुठून येत होते मला माहीत नाही. उच्चार सगळे वाकडेतिकडे झाले असणार. मी निरांजन विझवलं, फोटो उचलून खाली ठेवला आणि लगेच वाटलं की आता हेही पुरावा लपवल्यासारखं दिसेल, म्हणून परत वर ठेवला. वेड्यासारखं करत होते.

मावशी परत आल्या. चष्मा नव्हता. "तू म्हणालीस झोपलीये," त्या म्हणाल्या. तशाच सावकाश, एकेक शब्द सुटा. "मग म्हणालीस लॅबमध्ये गेलीये. आज म्हणतेस हॉस्पिटलमध्ये आहे. मला खरं सांग. मी खाली बसले आहे. सांग."

आणि मला सांगता येईना. भाषेमुळे नव्हे. मलाही माहीत नव्हतं. सकाळपासून तिचा मेसेज नव्हता, आणि ती आहे असं मी ज्या छातीठोकपणे सांगत होते त्याला कसलाच आधार नव्हता. मी देवापुढे ठेवलेला फोटो कदाचित या क्षणी खरंच तसलाच फोटो झाला असेल, असं माझ्या मनात आलं. मी खुर्ची धरून बसले.

मग मी माझ्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून टॅबलेटसमोर ठेवला. मावशींना म्हटलं, जाऊ नका, बघत रहा. या वॉर्डातून त्या वॉर्डात, मधे ते होल्डवरचं संगीत. मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यावर काही उमटतं का ते. मीही चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न करत होते. शेवटी एका नर्सने उचललं. तिनेही तेच सुरू केलं, फक्त घरच्यांनाच.

"तिची आई इथे आहे," मी म्हटलं. "माझ्यासमोर स्क्रीनवर आहे. तिला वाटतंय मुलगी गेली. माझ्यामुळे वाटतंय. प्लीज."

"जीझस," नर्स हळूच म्हणाली. मग, "फोन ठेव, लव्ह. तुझा नंबर दे. मी वॉर्डातल्या टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल करते, मला जरा गाऊन-मास्क चढवून आत जावं लागेल."

त्यानंतर आम्ही दोघी बसून होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एकदा त्या म्हणाल्या, "ती काय खाऊन गेली होती?" मी म्हटलं, काही नाही. हे मात्र खरं होतं आणि ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला. उदबत्ती जळून संपली. फोन माझ्या हातात होता आणि मी मनातल्या मनात गणपतीला वाट्टेल ते कबूल करत होते, परत पुण्याला जाईन, चिनी सोडून देईन, काहीही.

फोन वाजला. आधी नर्सचा मास्क आणि चष्मा दिसला, मग छत, मग पलंग. ताईच्या तोंडावर नाकापासून हनुवटीपर्यंत मोठा मास्क घट्ट बांधला होता आणि बाकीचा चेहरा केवढासा झाला होता. डोळे उघडे होते. रात्रीच तिला इकडे हलवलं, हा मास्क असल्यावर बोलता येत नाही, फोन पिशवीत राहिलाय, नर्स सांगत होती. मी माझा फोन उचलून टॅबलेटच्या समोर धरला, तोंडाला तोंड लावून. माझ्या हाताच्या दोन बाजूंना त्या दोघी होत्या आणि मला दोघींपैकी कुणीच दिसत नव्हतं.

मावशी काहीतरी बोलल्या, घरातलं, माझ्या अभ्यासक्रमात नसलेलं. मग म्हणाल्या, "हात हलव."

मी जरा वाकून पाहिलं. ताईने हात उचलला. बोटाला चिमटा लावलेला होता, त्याची वायर हलली.

"परत एकदा," मावशी म्हणाल्या.

तिने परत हलवला.

"परत एकदा."

नर्स म्हणाली, आता तिला दमवू नका. मावशींना ते कळलं नाही, त्या म्हणतच राहिल्या, आणि मीही ते भाषांतर करून सांगितलं नाही. फोन मी खाली घेतला नाही.

ताई घरी आली तेव्हा ती पांढरी फुलं केव्हाच संपून त्या जागी पिवळी आली होती. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबायची. मी फोटो उचलून ठेवायला निघाले, पण त्या आधीच एका कॉलवर मावशींनी विषय काढला होता. माझ्यावर त्या रागावल्या नव्हत्या, निदान तसं म्हणाल्या नाहीत. "तुमच्या देवाजवळ आहे ना? मग राहू दे," त्या म्हणाल्या. "पण रंगीत लाव." मी रंगीत शाई मागवली आणि जिभा काढलेल्यांपैकी एक लावला. आपल्या आईपुढे मात्र ताईचं काही चालेना. मी बरी आहे, हे वाक्य त्या घरात कायमचं निकामी झालं होतं. मावशी म्हणायच्या, कॅमेरा लांब धर, उभी राहा, चालून दाखव. ताई चिडायची आणि चालून दाखवायची.

मग एप्रिल आला आणि पुण्याच्या बातम्या यायला लागल्या. बेड नाहीत, ऑक्सिजन नाही. मी रोज फोन करायचे. आई म्हणायची, आम्ही दाराबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही, तू तुझा अभ्यास कर. पाडव्याला तिने सांगितलं की गुढी यंदा लहानच उभारली. बाबा कुठे आहेत, विचारलं तर भाजी निवडताहेत म्हणाली. मला खरं वाटलं. काय कारण होतं न वाटायला?

त्यानंतर काही दिवसांनी मी व्हिडिओ कॉल केला. ताई टेबलाशी वरण-भात खात होती. आई नेहमी हॉलमधल्या सोफ्यावर बसून बोलते. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती, फोन ओट्यावर कशाला तरी टेकवलेला, आणि केस विंचरलेले नव्हते.

"बाबा कुठायत?"

"झोपलेत," आई म्हणाली. "काल फार काम होतं त्यांना."

ते माझं वाक्य होतं. चिनीतून मराठीत तसंच्या तसं परत आलेलं. माझी नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. मागे देव्हारा होता, दिवा लावलेला होता, आणि गणपतीच्या पायाशी बाबांचा फोटो होता, मला विमानतळावर सोडायला आले होते त्या दिवशीचा, त्यातून मला कापून काढलेला.

त्या फोटोचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा आजारी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या घरात तो तेवढाच असतो. मी लहानपणापासून बघत आले होते. तरीही मला मावशींच्या हातातला पेला फुटल्याचा आवाज आला.

"आई, कॅमेरा घेऊन आत जा," मी म्हटलं.

"अगं, झोपमोड कशाला त्यांची. जरासा ताप आहे, बाकी काही नाही. तुला सांगून काय होणार होतं? तू तिकडे, एकटी."

"मला दाखव."

ताईला मराठी येत नाही. पण तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि स्क्रीनमध्ये पाहिलं. देव्हाऱ्यातला फोटो तिला दिसला असणार, कारण तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि मला दिसेल असा स्वतः धरला.

फोन उचलून आई पॅसेजमधून चालत गेली. फरशी दिसली, दाराची चौकट दिसली. आतून ऑक्सिजनच्या मशीनचा घरघर आवाज येत होता. बाबा पलंगावर पालथे झोपले होते, मान एका बाजूला वळलेली, नाकात नळी. आईने त्यांच्या कानाशी जाऊन माझं नाव सांगितलं. त्यांनी डोळे उघडले की नाही ते मला दिसलं नाही.

"बाबा, हात हलवा," मी म्हटलं.

त्यांचा चादरीवरचा हात थोडासा वर झाला आणि खाली पडला.

"परत एकदा," मी म्हटलं.